खांब हलवून बघणारी माणसं

ज्यांना जुनी घरं फार आवडतात ती माणसं नव्या घरात राहतात, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं वाचून कुणाला गहिवरून आलं, तर त्यानं आधी स्वतःच्या घरात एक खिळा ठोकून बघावा. खिळ्याबरोबर भिंत खाली आली नाही तर त्याला गहिवरायचा अधिकार नाही. आम्ही जुन्या घरात राहतो ते आवड म्हणून नाही. राहतो म्हणून राहतो. रस्त्यानं जाणारे लोक थांबून आमच्या खिडक्यांवरची लाकडी झालर बघतात, फोटो काढतात, "काय कारागिरी होती हो" म्हणतात आणि आपापल्या लिफ्टवाल्या घरी निघून जातात. त्या झालरीत पारवे राहतात, आणि त्यांचं जे काय व्हायचं ते आमच्या खिडकीत होतं. ते फोटोत येत नाही.

तर, आमच्या जिन्याचा खांब हलत होता.

खांब म्हणजे छत पेलणारा नव्हे. जिना जिथं सुरू होतो तिथं पहिल्या पायरीच्या कडेला कमरेच्या वर आलेला एक जाडजूड लाकडी खांब असतो, कठडा त्याच्यापासून निघतो, तो खांब. आमच्या खांबाच्या डोक्यावर कोरीव बोंड आहे. कशाचं बोंड, यावर घरात एकमत नाही. मी कळी समजतो. बायको म्हणते कांदा. तळमजल्यावरचे साहेब म्हणतात की तो मुकुट आहे आणि बांधणाऱ्याला त्यातून काहीतरी सुचवायचं होतं. काय सुचवायचं होतं ते साहेबांना माहीत आहे, पण ते सांगत नाहीत.

साहेब म्हणजे पूल बांधणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी कुठले पूल बांधले ते मला ठाऊक नाही. पण त्यांनी न बांधलेला एखादा पूल पडला की ते पेपर घेऊन वर येतात.

खांब हलत होता हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. जसं आपल्या एखाद्या काकाला विसर पडत चाललाय हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही, तसं. बोलायची वेळ आली ती आईमुळं. आई रस्त्यात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. सपाट रस्त्यात पडली, जिन्यावर नव्हे. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर सगळ्यांनी मिळून जिन्यालाच आरोपी केलं. ऑपरेशन झालं, हाडात खिळे बसले, आणि दवाखान्यातून ताई तिला परस्पर आपल्या घरी घेऊन गेली. ताईकडे लिफ्ट आहे. तेव्हा ते बरोबरच होतं. पण आता आई काठी घेऊन चालायला लागली होती, आणि मी फोन करून विचारलं की तिला आणायला कधी येऊ.

"तुझा जिना," ताई म्हणाली, "मी मागं आले तेव्हा तो खांब माझ्या हातात आला."

"हातात नाही आला. हलला."

"हलला म्हणजे येणारच आहे. हे बघ, मी स्पष्ट सांगते. रविवारी मी आईला घेऊन येते. खांब घट्ट असेल तर ती तिथं राहील. नसेल तर मी तिची बॅग गाडीतून काढणारसुद्धा नाही. ती कायमची इथं. मी तिच्या खोलीला पडदे शिवायला टाकलेत."

पडद्यांचं ऐकलं आणि मी काय ते समजलो. पाहुण्याच्या खोलीला कुणी पडदे शिवून घेत नाही. तिथं जुनी चादर लावतात.

"रविवारपर्यंत खांब दगडासारखा होईल," मी म्हणालो.

"तू करणार?"

या दोन शब्दांत मोठी बहीण जे घालू शकते ते कोर्टाच्या निकालातही मावत नाही. पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. आई ऐकत असावी. पण तिला फोन दे असं मी म्हटलं नाही.

आता साधी गोष्ट होती. सुतार बोलवायचा, खांब घट्ट करायचा. पण मी एक घोडचूक केली. खांब हलतो हे मी साहेबांना दाखवलं.

"बघू," साहेब म्हणाले, आणि त्यांनी बोंड धरून खांब पुढं-मागं केला. मग डावीकडे-उजवीकडे. मग डोळे मिटून, बोटांनी काही वाचत असल्यासारखा पुन्हा पुढं-मागं. "मुळात हलतोय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे मुळात."

त्या दिवसापासून आमच्या दारात येणारा प्रत्येक माणूस खांब हलवून बघायला लागला. साहेबच सगळ्यांना सांगत होते. पेपरवाला, इस्त्रीवाला, समोरच्या औषधाच्या दुकानाचा मालक, साहेबांचे मॉर्निंग वॉकचे मित्र. एखाद्याचा दात हलतोय म्हटलं तर आपण त्याच्या तोंडात हात घालत नाही. खांबाच्या नशिबी ती सभ्यता नव्हती. येणारा आधी खांब हलवायचा, मग मान हलवायचा, मग सल्ला द्यायचा. कुणी म्हणे फटीत कागद कोंबा. कुणी म्हणे सिमेंट भरा. औषधवाला म्हणाला, "मी तर म्हणतो काढूनच टाका, जिना मोकळा दिसेल." त्याच्या दुकानात इतकं सामान आहे की गिऱ्हाइकाला आत जाता येत नाही, आणि आमचा जिना मात्र त्याला मोकळा दिसायला हवा होता. मीसुद्धा मागं नव्हतो. कुणी नीट हलवला नाही तर मीच म्हणायचो, "असा नाही, जरा तिरका दाबा, मग कळेल." आपलं दुखणं मोठं आहे हे पटवून देण्यात माणसाला एक हलकट सुख असतं.

बायको वरून म्हणाली, "अहो, तो आधी एवढा हलत नव्हता."

मी म्हणालो, "तुला त्यातलं कळत नाही."

सुताराला फोन लावणार तेवढ्यात साहेबांनी दुसरा बॉम्ब टाकला. "याला हात लावायला परवानगी लागेल. आपलं घर यादीत आहे."

ही यादी नगरपालिकेची. जुन्या, जपण्यासारख्या घरांची. आमचं घर त्यात कुणी घातलं देव जाणे. यादीत गेल्याचा फायदा इतकाच की घर आपणहून पडेपर्यंत त्याला कुणी पाडू शकत नाही, आणि तोटा असा की ते पडू नये म्हणून आपणही काही करू शकत नाही.

"कुणाला कळणार आहे?" बायको म्हणाली. "सुतार येईल, ठोकेल, जाईल."

"साहेबांना कळलंय," मी म्हणालो. "म्हणजे गावाला कळलंय."

मध्यमवर्गीय माणूस नियम पाळतो यामागं सचोटी वगैरे काही नसते. नियम सगळेच मोडतात, पण मोडताना पकडले जाणार आपण एकटेच, याची त्याला खात्री असते. मी अर्धा दिवस रजा टाकून कचेरीत गेलो.

खिडकीतल्या बाबूनं माझा अर्ज वाचला. मग फोटो बघितला. मी खांबाचा चांगला समोरून फोटो काढून नेला होता.

"यात तर सरळ उभा आहे," तो म्हणाला.

"हो, पण हलतो."

"फोटोत हलताना दिसत नाही."

"फोटोत कसा दिसेल?"

"ते मी कसं सांगू? तक्रार तुमची आहे. दोष दिसेल असा फोटो जोडा."

मी घरी आलो. साहेबांना खांब हलवायला उभं केलं आणि फोटो काढला. साहेब असे काही उत्साहानं हलवत होते की फोटोत खांबाचा तपकिरी धूर झाला होता आणि त्या धुरातून साहेबांचे दात तेवढे स्पष्ट आले होते. दुसऱ्या दिवशी तो फोटो मी खिडकीत सरकवला.

बाबूनं तो लांब धरला, जवळ धरला. "अस्पष्ट आहे."

"तो हलतोय म्हणून अस्पष्ट आहे."

"अस्पष्ट फोटो चालत नाही. इथं लिहिलंय बघा, फोटो सुस्पष्ट असावा."

"अहो, सुस्पष्ट काढला तर हलत नाही म्हणता. हलताना काढला तर सुस्पष्ट नाही म्हणता."

"बरोबर," तो म्हणाला. मी त्याला जे समजावत होतो ते मला एकदाचं समजलं, असा त्याचा चेहरा होता.

मी तिथंच खिडकीत दोन्ही कोपर रोवून उभा राहिलो. माझी आई, तिचं हाड, ताई, पडदे, सगळं मोठ्यानं सांगितलं. मागची रांग ऐकत होती. लाज वाटायचं वय माझं कधीच गेलं. शेवटी, मी जावं एवढ्यासाठी त्यानं आतून एक शिक्का आणला आणि म्हणाला, "शुक्रवारी मॅडम येऊन बघतील."

शुक्रवारी मॅडम आल्या. जुन्या इमारतींच्या तज्ज्ञ. तरुण, हुशार, गळ्यात कॅमेरा, आणि लाकडावर खरंखुरं प्रेम. हे मी मान्य करतो, कारण खांब न हलवणारा तो पहिलाच माणूस होता. त्यांनी बोंडावरून हलकेच बोटं फिरवली. बोंडाला एका बाजूला अंगठ्याएवढा गुळगुळीत खळगा पडलाय, तिथं त्यांचं बोट थांबलं.

"हे बघितलंत का?" त्या कुजबुजल्या. "हा खळगा. पिढ्यान्‌पिढ्यांचे हात आहेत यात. हा इतिहास आहे."

"इतिहास हलतोय, मॅडम."

"थोडं हलणं हा लाकडाचा स्वभाव असतो."

"आमच्या आईच्या खुब्याचा स्वभाव वेगळा आहे," मी म्हणालो. "आई हाच धरून चढते. तिनं तो धरला आणि..."

"साधारण किती हलतो?"

हे विचारायला नको होतं. आठवडाभर मी हेच तर दाखवत होतो. हात तयार झाला होता. मी बोंड धरलं, तिरका दाब दिला, जरा जोर लावून पुढं ओढलं, आणि बुडाशी असा आवाज झाला की जणू घरानं घसा साफ केला. खांब आला. म्हणजे अख्खा आला, माझ्या छातीवर, एखादा लांबचा नातेवाईक स्टेशनवर मिठी मारतो तसा. मी त्याला घेऊन दाराकडे मागं मागं गेलो आणि उंबऱ्यावर बसलो. बोंड निसटून घरंगळत साहेबांच्या दारात गेलं. साहेबांनी दार उघडून ते उचललं आणि म्हणाले, "मी म्हटलं होतं. मुळात."

मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी माझा खांबासकट फोटो काढला. हा फोटो मात्र अगदी सुस्पष्ट आला.

"तुम्ही मूळ घटकाची हानी केलीत."

"तुम्ही विचारलंत किती हलतो."

"मी अहवाल देईन. तो मंजूर होईपर्यंत हे सगळं आहे त्या स्थितीत ठेवायचं."

"आहे त्या स्थितीत म्हणजे आडवा?"

त्यांनी क्षणभर विचार केला. बिचाऱ्या प्रामाणिक होत्या. "हो," त्या म्हणाल्या. "आडवा."

त्या गेल्यावर मी पायरीवर बसून राहिलो. कठड्याचं टोक हवेत लोंबत होतं. या देशातल्या, सगळ्याच देशांतल्या असेल, कचेऱ्यांना माणसं चढतात-उतरतात हे कधी कळणार, असं माझं भाषण सुरू झालं. बायकोनं ते थोडा वेळ ऐकून घेतलं.

"झालं?" ती म्हणाली. "खांब आडवा ठेवायचा तर आई काय आडव्या चढणार आहेत? मी सुताराला फोन केलाय. तो उद्या येतोय."

सुतार आला. सुतार, गवंडी, नळवाला, यांचं एक ठरलेलं असतं. आधीच्या माणसाला शिव्या घातल्याशिवाय ते अवजाराला हात लावत नाहीत. आमच्या सुतारानं खांबाचं बूड बघितलं आणि त्याच्या तोंडावर समाधान पसरलं.

"हे कुणी केलंय? खिळे? सागाला खिळे? आणि तेही असे, आंधळ्यानं मारल्यासारखे. फोडून ठेवलंय लाकूड सगळं. ज्यानं केलंय त्याला इथं आणून उभा करा."

तो उभाच होता. साहेब आपल्या दारात चहाचा कप घेऊन उभे होते. ते कपात बघायला लागले.

"मागं एकदा जरा हलत होता," ते हळूच म्हणाले. "म्हणून मी तात्पुरतं केलं होतं."

मला फार बोलायचं होतं. आठवडाभराचं. पण साहेबांच्या मानेवरची शीर मी पाहिली आणि गप्प बसलो. निवृत्त माणसाला चारचौघांत उघडं पाडलं की तो उरलेलं आयुष्य दुरुस्तीला येतो.

सुतारही काही देवमाणूस नव्हता. अर्धं काम टाकून तो दुसरीकडे एका लग्नाळू पलंगाला पाय लावायला निघून गेला आणि आम्हाला वाटलं, बुडालं. पण संध्याकाळी आला. खांबाच्या पोटातून लोखंडी सळई घातली, ती जमिनीत उतरवली, वर पाचरी मारल्या, पॉलिश फिरवलं. बोंड बसवताना मात्र त्यानं ते उलटं फिरवलं. तो इतिहासाचा खळगा जिन्याकडे यायचा तो भिंतीकडे गेला.

"मिस्त्री, ते फिरवा."

"सरस धरलाय. आता फिरवायचं तर फोडावं लागेल."

मी म्हटलं, जाऊ दे. पण मन खात राहिलं. आई आयुष्यभर ज्या खळग्यात अंगठा ठेवून चढली, तो उद्या तिच्या हाताला लागणार नाही. ती थांबेल, चाचपडेल, तिला हा खांब परका वाटेल, आणि ताई म्हणेल, बघ. माझ्या डोळ्यांसमोर ते सगळं चित्र इतकं करुण उभं राहिलं की मलाच हुंदका येईल की काय वाटलं.

रविवार उजाडला. साहेब कडक इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या दारात. बायको जिन्याच्या वरच्या टोकाला. मी खांबाशेजारी, एक हात बोंडावर. खांब घट्ट असला तरी तो दाखवायला माणूस लागतो.

ताई आधी आत आली. माझ्याकडे न बघता तिनं खांब दोन्ही हातांनी धरला आणि हलवला. हलला नाही. पाय रोवून हलवला. तिच्या डोक्यावरचा गॉगल घसरून नाकावर आला, खांब जागचा हलला नाही.

"घट्ट आहे," ती म्हणाली. डॉक्टर वाईट बातमी सांगतात त्या आवाजात.

मग आई आली. काठी टेकत, सावकाश, थोडी वाळलेली. तिनं माझ्याकडे पाहिलं, साहेबांना मान लववली, नाक फेंदारलं.

"पॉलिशचा वास येतोय," ती म्हणाली.

"आई, धर," मी बाजूला होत म्हणालो. "बघ आता कसा झालाय."

"काय धरू?"

"खांब."

"कशाला?"

"चढायला. तू नेहमी धरतेस तसा."

आईनं खांबाकडे बघितलं. एखाद्या समारंभात कुणी ओळख करून द्यावी आणि आपल्याला तो माणूस आठवू नये, तसं बघितलं.

"हा मी कधी धरला?" ती म्हणाली. "तुझे बाबा धरायचे. इथं हात ठेवून उभे राहायचे आणि हाक मारायचे, पिशवी घ्यायला या म्हणून. साहेब धरतात, गप्पा मारताना. तू धरतोस, मोबाईल बघत. माझ्या हातात पाणी असायचं. वर नळ आला तो तुम्ही शाळेत जायला लागल्यावर. एका हातात बादली, कडेवर तू, आणि ही मागून माझे कपडे ओढत. खांब काय दातांनी धरू?"

साहेबांचा हात सवयीनं खांबावर गेला होता. तो त्यांनी हळूच काढून खिशात घातला.

मला मॅडमची आठवण झाली. पिढ्यान्‌पिढ्यांचे हात, म्हणाल्या होत्या. खोटं नव्हतं ते. पण ज्यांचे हात मोकळे होते त्यांचेच होते. ज्या बाईनं त्या जिन्यावरून आमचं घर वर नेलं तिचा त्या लाकडावर ओरखडासुद्धा नव्हता, आणि मी आठवडाभर कचेरीत, सुतारापुढं, सगळ्या गल्लीपुढं तिच्या नावानं गळा काढत होतो. तिला एकदा फोन करून विचारलं असतं तर काम झालं असतं. पण विचारलं नाही. ताईनंही नाही. आम्ही दोघं खांबावरून भांडत होतो, आणि प्रश्न आईचा होता.

"हे घे," आईनं काठी ताईच्या हातात दिली. "सरका जरा."

ती वळली, आमच्याकडे तोंड केलं, दोन्ही हात मागं टेकले आणि पायरीवर बसली. मग हातांवर भार देऊन, चांगला पाय रोवून, वरच्या पायरीवर बसली. मग तिच्या वरच्या.

"आई," ताई म्हणाली, "हे काय करतेस?"

"चढते."

"उठ गं," मी म्हणालो. दार सताड उघडं होतं. औषधवाला आपल्या दुकानातून मान लांब करून बघत होता. "लोक बघतायत."

"बघू देत. त्यांनाही कधीतरी लागेल."

"हे कुणी शिकवलं तुला?" ताईचा आवाज चढला होता.

"दवाखान्यातल्या त्या मुलीनं. व्यायाम घ्यायची ती."

"मी होते की तिथं."

"तू फोनवर होतीस."

आई आणखी एक पायरी वर गेली. ती वर जात होती तशी आम्हाला मान वर करावी लागत होती. मागं मागं जाणारी माणसं सहसा हरलेली असतात. ही नव्हती.

"आणि एवढं जमलं कसं?" मी विचारलं.

"सरावानं. हिच्याकडे लिफ्ट बंद पडली होती, तेव्हा उतरले. मग रोजच. ही ऑफिसला गेली की खाली बागेत जाऊन बसायचं, ही यायच्या आत वर. वॉचमन म्हणायचा, आजी, लिफ्ट चालू झालीय. मी म्हणायचे, असू दे."

ताईनं काठी दोन्ही हातांत घट्ट धरली होती. तिचे डोळे भरून आले. मला आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"मला सांगायचं नाही का, आई? मी नाही म्हणाले असते का?"

"हो," आई म्हणाली. "म्हणाली असतीस. मायेनंच म्हणाली असतीस. ते पडदे छान आहेत, लाव. मी येईन राहायला. पण तुझ्याकडे मला चोरून खाली जावं लागतं गं. या वयात चोरी नको वाटते." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "आणि तू. तूही 'एकटी उतरू नकोस, लोक काय म्हणतील' असलं सुरू केलंस तर मी हिच्याकडेच जाईन. तिच्याकडे निदान लिफ्ट आहे."

"नाही म्हणणार," मी म्हणालो.

"आत्ताच म्हणालास."

ती वरच्या टोकाला पोचली. श्वास लागला होता, पण तोंडावर तकाकी होती. बायको तोवर आत चहा ठेवायला गेली होती. आईनं वरच्या पायरीवर बसून दम खाल्ला.

"एवढंच जमत नाही," ती म्हणाली. "उभं राहायला कुणीतरी लागतं. या एक जण."

ताई आणि मी एकदमच निघालो आणि जिन्याच्या तोंडाशी एकमेकांना अडलो. जिना अरुंद आहे. ताईनं माझ्याकडे पाहिलं. मग ती मागं झाली आणि म्हणाली, "जा तू. मी बॅग काढते गाडीतून."

मी भिंतीला घासत, आईला ओलांडून वर गेलो. वर तसाच एक खांब आहे, डोक्यावर तसंच बोंड. मी एका हातानं तो घट्ट धरला, दुसरा हात आईला दिला आणि ओढलं. खांब कुरकुरत माझ्याकडे झुकला.

खालून साहेब म्हणाले, "वरचाही हलतो वाटतं. थांबा, येऊन बघतो."

"साहेब, खालीच थांबा," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तो सोड. दोन्ही हात दे."

मी खांब सोडला. आई हलकी नाही, हे मला त्या दिवशी कळलं.